स्पोर्ट्‌स बाइकचे नटबोल्ट सैल का होतात?
केवळ जोर लावून आवळणे हा उपाय नव्हे. योग्य ताण, योग्य सुटा भाग आणि नियमित तपासणी आवश्यक

सातारा/सांगली - धावत्या गाडीवर आरसा आपोआप फिरणे, नंबरप्लेट लोंबकळणे, फेअरिंगचा स्क्रू वाटेत गळून पडणे, हे अनुभव स्पोर्ट्‌स बाइक वापरणाऱ्यांना नवे नाहीत. अनेक जण पाना फिरवून तेवढ्यापुरता प्रश्न मिटवतात. मात्र, ज्या कंपनांमुळे आरशाचा नट सैल होतो, तीच कंपने ब्रेकचा कॅलिपर, चाकाचा ॲक्सल आणि मागील स्प्रॉकेट यांच्या बोल्टपर्यंतही पोहोचत असतात. आरसा पडला, तर खिशाला झळ बसते. कॅलिपर सुटला, तर जिवावर बेतू शकते.

पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार झालेली बजाजची पल्सर 2001 मध्ये बाजारात आली. 2008 मध्ये यामाहाची आर 15 आणि 2012 मध्ये केटीएमची ड्यूक 200 आली. वेगवान मोटारसायकली त्यानंतर जिल्ह्याच्या शहरांतील तरुणांच्या नेहमीच्या वापरात आल्या. या तिन्ही गाड्यांचे इंजिन एका सिलिंडरचे होते. अशा इंजिनात वर-खाली होणाऱ्या पिस्टनचा धक्का झेलायला दुसरा पिस्टन नसतो. बॅलन्सर शाफ्टने कंपने कमी होतात. पण पूर्णपणे नाहीशी होत नाहीत. इंजिन मिनिटाला 9,000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 150 फेरे होतात. तासभर याच गतीने चालवल्यास हा आकडा 5 लाख 40 हजारांवर जातो.

त्यात रस्त्यांची भर पडते. खंबाटकी किंवा पसरणी घाट चढताना, साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासला जाताना गाडी खालच्या गिअरमध्ये आणि चढ्या फेऱ्यांवर चालते. सांगलीकडे जाणारा पेठ नाक्यापासूनचा रस्ता तर अनेक वर्षे खड्ड्यांसाठीच कुप्रसिद्ध होता. इंजिनाची बारीक थरथर आणि खड्ड्यांचे दणके अशा दुहेरी माऱ्यात नटबोल्ट सापडतात.

नट उलटा कसा फिरतो?

बोल्ट आवळला, की तो किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. हा दाब पुरेसा असेपर्यंत घर्षणामुळे नट जागचा हलत नाही. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिले, की बोल्टच्या अक्षाला आडवी होणारी हालचाल हे नट सुटण्याचे प्रमुख कारण आहे. जोडलेले भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले, की आट्यांमधील घर्षण निष्प्रभ होते आणि नट हळूहळू उलटा फिरतो. अशा कंपनांपुढे साधा स्प्रिंग वायसर फारसा टिकाव धरत नाही.

मग हवा तेवढा जोर लावून बोल्ट आवळावा का? तेही चुकीचेच. मर्यादेबाहेर आवळलेला बोल्ट कायमचा लांबतो किंवा तुटतो आणि इंजिनाच्या ॲल्युमिनिअममधील आटे जातात. 6 मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारणपणे 10 न्यूटन-मीटर बळ पुरते. म्हणजेच 25 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे 4 किलो वजनाइतका जोर. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तो पाळण्यासाठी टॉर्क रेंच वापरावा.

कुठे कोणता उपाय?

धातूच्या आट्यांसाठी थ्रेडलॉकर हा परिणामकारक उपाय आहे. अमेरिकेतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रिबल यांनी 1953 मध्ये विकसित केलेला हा द्रव हवेचा संपर्क तुटला, की धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. निळा थ्रेडलॉकर लावलेला बोल्ट साध्या पान्याने उघडतो. लाल मात्र बहुधा तापवल्याशिवाय सुटत नाही. लावण्यापूर्वी आट्यांवरील तेल व ग्रीस पुसून काढावे. प्लास्टिकच्या फेअरिंगवर तो लागू देऊ नये, त्याने प्लास्टिकला तडे जातात. तेथे रबर बुश अधिक योग्य.

नायलॉनची कडी असलेला नट आरसा, इंडिकेटर, नंबरप्लेटच्या पट्टीसाठी चांगला. मात्र, तो पुन:पुन्हा वापरल्यास त्याची पकड जाते आणि सायलेन्सरजवळच्या उष्णतेत नायलॉन टिकत नाही. तेथे पूर्ण धातूचा लॉकनट बसवावा.

पडलेला बोल्ट बदलताना

हार्डवेअरच्या दुकानातून ‘बसेल तो’ बोल्ट आणणे धोक्याचे आहे. जाडी व लांबीबरोबरच आट्यांमधील अंतरही जुळले पाहिजे. बोल्टच्या डोक्यावरील 8.8 किंवा 10.9 हे आकडे त्याची ताकद सांगतात. 8.8 म्हणजे सुमारे 800 मेगापास्कल ताण सोसण्याची क्षमता आणि तिच्या 80 टक्क्यांपर्यंत कायमचे न लांबणे. ब्रेक, ॲक्सल व स्प्रॉकेटसाठी कंपनीचाच बोल्ट घ्यावा. चकाकणारा स्टेनलेस बोल्ट तेवढा मजबूत असेलच, असे नाही. आटे गेले असतील, तर जाडा बोल्ट ठोकून बसवण्याऐवजी नव्याने आटे पाडून पोलादी तारेचा हेलिकॉइल बसवून घ्यावा.

सांगलीकरांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली आणि असंख्य वाहने पाण्यात बुडाली. गंजलेला बोल्ट फिरवताना कडक लागतो. पण तो कडकपणा गंजाचा असतो, पकडीचा नव्हे. पुरातून निघालेली जुनी गाडी विकत घेताना असे बोल्ट बदलूनच घ्यावेत.

तपासणीचा क्रम

नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग चुकवू नये. लांबच्या प्रवासापूर्वी आधी ब्रेकचे कॅलिपर व दोन्ही ॲक्सल, मग स्प्रॉकेट, हँडल, इंजिन माउंटिंग व फूटरेस्ट आणि शेवटी सायलेन्सर, आरसे व फेअरिंग पाहावे. योग्य आवळलेल्या बोल्टवरून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली, की बोल्ट फिरला, हे पाना हाती न घेताही कळते. एकच बोल्ट वारंवार सैल होत असेल, तर तो पुन्हा आवळत बसू नये. झिजलेले रबर, वाकलेली पट्टी किंवा गेलेले आटे यांपैकी काहीतरी बिघडले आहे, असे समजून गाडी मेकॅनिककडे न्यावी.