दगडाला पाजायचं पाणी

आमच्या गल्लीत दगडावर अक्षरं कोरणारा एक कारागीर राहतो. घरांच्या पाट्या, कबरीवरचे दगड, देवळाच्या पायरीवरची देणगीदारांची नावं, सगळं त्याच्या पडवीतच घडतं. मजकूर शुद्ध लिहून द्यायचं काम माझ्याकडे. (माझ्या कवितांपेक्षा हेच लेखन जास्त टिकेल, यात मला शंका नाही.) पडवीत नळ नाही, म्हणून तो ग्रॅनाइट कोरडाच कापायचा. त्या पांढऱ्या धुरळ्यात घरातली मुलं अभ्यास करायची.

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी असते. तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. एकदा खराब झालेलं फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. तोंडावर रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. पण पातं दगडाला लागतं नेमक्या त्या जागी पाणी पडत राहिलं, तर धूळ उडण्याआधीच बहुतेक भिजून खाली बसते.

पाणी वाहायला नळच हवा असं नाही, उंची हवी. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका असतो. एक मीटरला त्याचा दहावा हिस्सा. पात्यावर बारीक धार सोडायला तेवढा पुरतो. तळाशी तोटी असलेला 20 लिटरचा कॅन डोक्याइतक्या उंचीवर मजबूत घोडीवर ठेवावा आणि त्यातून नळी खाली आणावी. मार्बल कटरला अशी नळी जोडायची सोय असते. मिनिटाला अर्धा लिटर सोडलं तर कॅन 40 मिनिटं चालतो. मोठं पिंप वर चढवायचा मोह मात्र टाळावा. 200 लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन. छिन्नीला धार लावायला तर औषधाच्या दुकानातली सलाईनची नवी नळीही पुरते. तिची चकती फिरवली की थेंब हवे तसे कमी-जास्त.

एक अडचण येते. कॅन रिकामा होत जातो तशी धार मंदावते. यावरचा तोडगा सतराव्या शतकात मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध झाला. कॅनचं झाकण हवाबंद करायचं आणि त्यातून एक उघडी नळी तोटीच्या जरा वरपर्यंत आत सोडायची. हवा त्या नळीच्या खालच्या टोकातूनच आत येते, म्हणून दाब त्या टोकापासूनच मोजला जातो. वरची पातळी कितीही उतरो, त्या टोकापर्यंत धार सारखीच राहते. मला हे एखाद्या चांगल्या ओवीसारखं वाटतं.

वीज आणि पाणी यांचं वैर मात्र विसरू नये. साध्या हातग्राइंडरवर पाणी सोडायचं नाही. पाण्यासाठी बनवलेलंच यंत्र, नीट अर्थिंग आणि ईएलसीबी हवंच.

भाभींचा आक्षेप वेगळा, आणि रास्तही. "नळाला एक दिवसाआड पाणी, आणि ते दगडाला पाजायचं?" म्हणून दगडाखाली घमेलं आलं. त्यातलं पाणी रात्रभर निवळू द्यायचं, वरचं दुहेरी फडक्यातून गाळून पुन्हा कॅनमध्ये. कॅन झाकलेला हवा आणि आठवड्यातून एकदा रिकामा करून घासायला हवा, नाहीतर डेंग्यूचा डास तिथे संसार थाटतो. तळचा गाळ गटारात ओतला तर तिथेच थिजून गटार तुंबतं, आणि अंगणात वाळू दिला तर वाऱ्यावर तीच धूळ पुन्हा घरात येते. तो ओला असतानाच गोणीत भरून तोंड बांधायचं. पडवी झाडायचीसुद्धा नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यायची.