खरप्याची पिल्ले आणि आमची मच्छरदाणी

कापडाच्या दुकानदाराने मासळीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमचा धागा या धंद्याशी जुळतो.

पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या आमच्या दुकानात मच्छरदाणीच्या जाळीला मागणी असते. एका वर्षी नदीकाठच्या गावातला एक गिऱ्हाईक आला आणि एकदम वीस मीटर जाळी मागू लागला. "एवढ्या खाटा आहेत का घरात?" आम्ही सहज विचारले. तो हसला. "खाटेला नाही शेठ, पाण्याला. यातून काही सुटत नाही." आम्ही जाळी मोजून दिली, पैसे गल्ल्यात टाकले. पुढे बाजारात बोटाच्या पेराएवढ्या खरप्यांचा ढीग पाहिला, तेव्हा ते "काही सुटत नाही" आठवले.

खरपा हा आपल्या गोदावरीतला मासा, गोबी कुळातला. कोकणच्या खाडीतली निवटी त्याच्याच नात्यातली. हॅमिल्टन साहेबांनी 1822 साली गंगेतील माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले. वाळूत तळाशी दबून बसतो; किडे, कोळंबी, लहान मासे खातो. खाडीत राहतो, तसा समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या गोड्या पाण्यातही राहतो.

आता हिशोब पाहा. पिल्लू आज ओंजळीच्या भावाने जाते. तेच वीतभर वाढले तर वजनावर विकले जाते आणि त्याआधी अंडीही घालते. पिल्ले विकणे म्हणजे मुद्दल खाणे. असा व्यापार किती दिवस चालणार?

फिलिपाईन्समधील बुही तलावात याच कुळातला सिनारापान नावाचा, अर्ध्या इंचाचा मासा होता. लोक तो पोटभर खात, विकत. बारीक जाळ्यांनी बेसुमार उपसा झाला, बाहेरचे मासे तलावात सोडले गेले, आणि तो जवळजवळ दिसेनासा झाला.

आता आम्ही आधीच विचारतो, खाटेसाठी की पाण्यासाठी? पाण्यासाठी असेल तर मोठ्या घराचे जाळे घ्या म्हणतो. परवा एकजण ऐकून घेऊन निघाला आणि दुसऱ्या दुकानातून तीच जाळी घेऊन गेला. एका दुकानाने हे होणार नाही. बाजारातल्या भावांनी मिळून ठरवले तर चार मीटरचा नफा बुडेल, पण नदीची बरकत राहील.