मैदानावरची जागा कोणाची?

कोणताहि मोठा सामना जवळ आला कीं घरोघरीं संघाच्या निवडीच्याहि आधीं एक प्रश्न ऐकूं येतो : "तिकीट कोणाकडून मिळेल?" 'कोठें मिळेल' असें फारसें कोणी विचारीत नाहीं, 'कोणाकडून' असेंच विचारतात. या एका शब्दाच्या फरकांत सध्यांच्या क्रीडाव्यवहाराची सारी कहाणी सांठविलेली आहे. तिकीट ही दाम देऊन घ्यावयाची वस्तु न राहतां ओळखीनें पदरांत पडणारी कृपा झाली आहे. आणि जेथें कृपेचा व्यवहार चालतो, तेथें ती न लाभलेल्यांचा रागहि सांचत जातो.

हा राग नवा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मुंबईचें ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ सालीं उघडलें, आणि त्याच वर्षीं हिंदु संघानें पंचरंगी सामन्यांतून अंग काढून घेतलें. नव्या मैदानावर आपल्या वांट्याला आलेल्या जागा त्याला अपुऱ्या वाटल्या, हेंच त्याचें कारण. पुढें क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यांत जागांच्या वांटणीवरून कुरबूर चालू राहिली. ती इतकी विकोपास गेली कीं, शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें असोसिएशननें तेथून जवळच आपलें स्वतंत्र स्टेडियम बांधलें. १९७५ च्या जानेवारींत वेस्ट इंडीजविरुद्ध तेथें पहिला कसोटी सामना झाला. एकाच शहरांत, एकमेकांपासून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर, दोन मोठीं क्रीडांगणें उभीं राहिलीं तीं खुर्च्यांच्या वादापायीं !

कलकत्त्याची हकीकत याहून शोचनीय आहे. १ जानेवारी १९६७ रोजीं ईडन गार्डन्सवर कसोटीचा दुसरा दिवस होता. जागांपेक्षां अधिक तिकिटें विकलीं गेल्यामुळें लोक थेट मैदानाच्या कडेला येऊन बसले. पोलिसांनीं लाठीमार केला, लोक खवळले, जाळपोळ झाली आणि त्या दिवशींचा खेळ बुडाला. पैसे मोजून आलेल्या माणसाला बसावयास जागा नाहीं, आणि त्यानें तक्रार केली तर वर मार, हा न्याय कोणास पटावा?

आतां अलीकडची गोष्ट पाहूं. २ एप्रिल २०११ रोजीं विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडे स्टेडियमवर झाला. सुमारें तेहतीस हजार प्रेक्षकांच्या त्या मैदानांत सर्वसामान्य जनतेला उघड विक्रीनें मिळावयाचीं तिकिटें सुमारें चार हजार होतीं. बाकीचीं मुख्यतः असोसिएशनशीं संलग्न क्लबांकडे आणि आंतरराष्ट्रीय मंडळाकडे गेलीं. विक्रीसाठीं उघडलेलें संकेतस्थळ लोकांच्या झुंबडीनें बंद पडलें. त्याच स्पर्धेंत बंगळूरला तिकिटांच्या रांगेंत उभ्या असलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. जागांच्या भांडणांतून जन्मलेल्या मैदानावर तीन तपांनंतरहि तोच प्रश्न तसाच उभा होता.

क्लबांची बाजूहि येथें ऐकली पाहिजे. भर पावसाळ्यांत चिखलांत उतरून कांगा लीग खेळणारे संघ १९४८ पासून मुंबईच्या खेळाला माणसें पुरवीत आले आहेत. त्यांच्या वर्षभराच्या श्रमाची जाणीव म्हणून कांहीं तिकिटें त्यांना मिळावीं, यांत अन्याय नाहीं. अन्याय आहे तो प्रमाणाचा, आणि त्याहूनहि अधिक गुप्ततेचा. कोणाला किती तिकिटें दिलीं हें लोकांना कळत नाहीं, म्हणून प्रत्येक खुर्चीविषयीं संशय उत्पन्न होतो.

२०२३ च्या विश्वचषकानें तर विपरीतच दृश्य दाखविलें. सामन्यांचा कार्यक्रम जूनच्या अखेरीस, स्पर्धेला जेमतेम शंभर दिवस उरले असतां जाहीर झाला, आणि तिकीटविक्री ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाली. परगांवीं जाऊन सामना पाहूं इच्छिणाऱ्या कुटुंबानें रजा, रेल्वे आणि मुक्काम यांची जुळणी करावी तरी कधीं? लोक संगणकापुढें तासन्‌तास रांगेंत तिष्ठत बसले. आणि ५ ऑक्टोबरला अहमदाबादेस, लाखाहून अधिक माणसें मावतील अशा मैदानावर, पहिला सामना सुरू झाला तेव्हां बहुतेक खुर्च्या मोकळ्या होत्या !

असें कां होतें? याचें उत्तर हिशेबाच्या वहींत आहे. एके काळीं दरवाजावर जमणारा पैसा हेंच सामन्याचें मुख्य उत्पन्न असे, म्हणून प्रेक्षक हा खेळाचा खरा आश्रयदाता होता. आज आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पांच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्कच ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले आहेत. या राशीपुढें दरवाजावरच्या पैशाची काय मातब्बरी? मैदानावरचा प्रेक्षक आतां यजमान उरला नाहीं. चित्र भरलेलें दिसावें म्हणून बसविलेली ती शोभा झाली आहे. शोभेच्या वस्तूला ऊन लागतें कीं तहान, याची चौकशी कोण करतो? सरकारनेंहि सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर चाळीस टक्के कर बसवून त्याची गणना चैनींत केली.

वस्तुतः घरीं बसलेल्या प्रेक्षकाची बाजू आपल्या देशांत घेतली गेली आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं एका क्रिकेट-प्रक्षेपणाच्या वादांतच दिला. आणि राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसारभारतीलाहि दाखवूं द्यावे असा कायदा २००७ सालीं झाला. मैदानावरील जागेच्या बाबतींत मात्र असा विचार झालेला नाहीं.

इतर देशांत काय चालतें? विंबल्डनचीं तिकिटें १९२४ पासून सोडतीनें दिलीं जातात, आणि रोज रांगेंत उभे राहणारांसाठींहि कांहीं राखून ठेवतात. २०१६ च्या फेब्रुवारींत लिव्हरपूलच्या फुटबॉल क्लबानें ७७ पौंडांचें तिकीट योजिलें, तेव्हां हजारों निष्ठावंत प्रेक्षक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. थोड्याच दिवसांत मालकांनीं माफी मागून तो बेत सोडला. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठीं मागणीबरोबर चढणारे दर लावल्यावर जो गिल्ला झाला, त्यामुळें फिफालाहि डिसेंबर २०२५ मध्यें ६० डॉलरचीं कांहीं तिकिटें जाहीर करावीं लागलीं. तात्पर्य, संघटित प्रेक्षकांचें म्हणणें ऐकिलें जातें. एकेकट्याची कुरकुर हवेंत विरते.

आपल्याकडे करावयाचें तें फारसें कठीण नाहीं. प्रत्येक सामन्यापूर्वीं तिकिटांची वांटणी छापून प्रसिद्ध करावी. निदान निम्मीं तिकिटें सोडतीनें द्यावीं. आणि शाळकरी मुलांसाठीं स्वस्त जागा राखून ठेवाव्या. आझाद मैदानावर व शिवाजी पार्कवर कडेला उभें राहून फुकट खेळ पाहणाऱ्या मुलांतूनच मुंबईचे खेळाडू निपजले, हें मंडळांनीं विसरूं नये.

परंतु केवळ मंडळांकडे बोट दाखवून आपली सुटका नाहीं. काळ्या बाजारांत तिपटीनें तिकीट घेणारा आणि ओळखीचा पास फुशारकीनें मिरविणारा, हे दोघेहि बहुधा आपल्याच सुशिक्षित घरांतले असतात. घरांतील वडील माणूस 'साहेबांकडून' पास आणतो, तेव्हां शेजारीं उभा असलेला नातू क्रिकेटच्या नियमांआधीं एक दुसराच नियम शिकतो : रांग ही इतरांसाठीं असते. हा धडा त्याला द्यावयाचा कीं नाहीं, एवढें तरी सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.