परिचालन प्रणाली : पूर्वपरिचित मांडणीची पुनःस्थापना

संगणकाची परिचालन प्रणाली बदलली, की पडद्यावरील बटने, मेनू, पट्ट्या आणि पुष्कळदा कळफलकाची मांडणीही बदलते. नव्या प्रणालीत फेरफार करून वापरणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली जुनी रचना परत आणण्याच्या क्रियेस पूर्वपरिचित मांडणीची पुनःस्थापना म्हणतात. परिचालन प्रणाली ही संगणकाची यंत्रसामग्री आणि तीवर करावयाची कामे यांमधील मध्यस्थ होय. तिचा जो भाग माणसाच्या दृष्टीस पडतो व हाताखाली येतो त्यास आंतरपृष्ठ अशी संज्ञा आहे. पुनःस्थापना ही आंतरपृष्ठापुरती असते. आतील कार्यपद्धती नवीच राहते. हा भेद न पाळल्यास काय होते, याचे ठळक उदाहरण मराठी टंकलेखनात आढळते.

नेहमीचे काम करताना मनुष्य बटणाचे नाव वाचत नाही. हात सवयीने त्या जागी जातो. जागा बदलली की प्रत्येक कृतीसाठी पुन्हा विचार करावा लागतो व कामाचा वेग मंदावतो. ही अडचण नवशिक्यापेक्षा निष्णात माणसाला अधिक जाणवते, हे विशेष होय.

विंडोज ९५ (१९९५) या प्रणालीत पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात स्टार्ट बटण आले आणि सतरा वर्षे ते तेथेच राहिले. विंडोज ८ (२०१२) मधून ते काढण्यात आले. त्यावर इतकी नाराजी व्यक्त झाली, की विंडोज ८·१ (२०१३) मध्ये बटण व विंडोज १० (२०१५) मध्ये त्यामागील मेनू परत द्यावा लागला. मधल्या काळात क्लासिक शेल यांसारख्या पूरक आज्ञावलींनी जुना मेनू उपलब्ध करून दिला. विंडोज ११ (२०२१) मध्ये टास्कबारवरील चिन्हे मध्यभागी आली. ती डावीकडे नेण्याची सोय सेटिंग्जमध्येच आहे. तथापि टास्कबार पडद्याच्या वरच्या वा बाजूच्या कडेस नेण्याची जुनी सोय ही प्रणाली प्रसिद्ध झाली तेव्हा वगळण्यात आली होती. लिनक्स प्रणालीतही ग्नोम ३ (२०११) या बदललेल्या आंतरपृष्ठास कंटाळलेल्यांनी जुनी धाटणी जपणारी माटे व सिनॅमन ही आंतरपृष्ठे तयार केली.

खानदेशातील स्थिती : वरील बदल कोणत्याही भाषेच्या माणसास सारखेच जाणवतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यालये, न्यायालयांच्या आवारातील टंकलेखक व टंकलेखन संस्था यांपुढे मात्र त्याहून अवघड प्रश्न आला, तो कळफलकाचा. येथील लिपिकांची एक संपूर्ण पिढी रेमिंग्टन, गोदरेज इ. मराठी टंकलेखन यंत्रांवर घडली होती. शासकीय लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग आवश्यक असल्याने ही विद्या पोटापाण्याशी निगडित होती. महाराष्ट्रात टंकलेखन यंत्रावरील परीक्षा २०१७ पर्यंत चालू होत्या.

टंकलेखन यंत्रात अक्षरे दिसतात त्या क्रमाने उमटवावी लागतात. ‘स्थिती’ हा शब्द टंकताना प्रथम ऱ्हस्व वेलांटी, नंतर अर्धा स, नंतर अर्धा थ व त्यास काना, अशी कळींची ओळ असते. ‘कार्य’ या शब्दातील रफार य उमटल्यानंतर त्याच्या डोक्यावर बसतो. भारतीय भाषांसाठी प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात याउलट उच्चाराचा क्रम पाळला जातो : स, हलन्त, थ आणि मग वेलांटी. त्यात स्वरचिन्हे डाव्या हाताकडे व बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात. इन्स्क्रिप्टची रचना शास्त्रशुद्ध व शिकण्यास सोपी आहे, यात शंका नाही. परंतु वीस वर्षे दुसऱ्या क्रमाने चाललेल्या बोटांना तिचा शास्त्रशुद्धपणा उपयोगी पडत नाही. विंडोज २००० पासून मराठीची सोय प्रणालीतच आली, ती इन्स्क्रिप्टच्या रूपाने. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) तर तीही आपोआप मिळत नसे. नियंत्रण पटलातून संयुक्त लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे.

या अडचणीवर दोन मार्ग निघाले आणि ते वरवर सारखे दिसले. पहिला मार्ग जुन्या फाँटचा. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव इ. फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. टंकलेखन यंत्राची मांडणी त्यांत जशीच्या तशी मिळे. परंतु फाइलीत साठत असे ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक मालिका. फाँट असलेल्या संगणकावर ती मराठी दिसे, नसलेल्या संगणकावर नाही. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, नावांची अकारविल्हे यादी लावता येत नाही, आणि जळगावहून पाठविलेले पत्र धुळ्यास वाचता येईलच अशी खात्री नसते. दुसऱ्या मार्गात यूनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मजकूर साठविला जातो. देवनागरीस तीत १९९१ पासून स्थान आहे. बोटे जुन्या क्रमाने चालतात, पण मध्ये बसविलेली निवेश आज्ञावली आधी टंकलेली वेलांटी व्यंजनामागे आणि मागाहून टंकलेला रफार योग्य जागी नेऊन ठेवते. एका कळीस एक चिन्ह नेमून देणारी साधी साधने येथे पुरत नाहीत. क्रम फिरविणारी आज्ञावलीच लागते. पुनःस्थापना या नावास पात्र आहे तो हा दुसरा मार्ग. पहिल्यात आंतरपृष्ठासोबत आतील संकेतही जुनाच राहिला.

कागदपत्रे वाचेनाशी होण्याचा अनुभव खानदेशास नवा नाही. वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळे येथे निधन झाले. त्यांच्या नावाने तेथे स्थापन झालेल्या संशोधन मंडळात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. मोडी व्यवहारातून गेली आणि हे कागद जाणकारांपुरते उरले. मोडी निदान डोळ्यांस दिसते व शिकून वाचता येते. फाँट हरवलेल्या फाइलीतून मात्र संकेतपरिवर्तक मिळाल्याखेरीज काहीच हाती लागत नाही.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरविले. ल व श यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत. यूनिकोडमध्ये दोन्ही वळणांचा संकेत एकच असल्याने वळण फाँटवर व मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदली आहे की नाही यावर अवलंबून राहते. नव्या संगणकावर मराठीऐवजी हिंदी भाषा निवडली गेल्यास अक्षरे परकी दिसतात. दोष फाँटचाच असतो असे नाही. ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, म्हणून जुन्या प्रणालीत त्याच्या जागी चौकोन दिसतो. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेद दाखविणारा अर्धा ऱ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह र ची कळ व त्यापुढे हलन्त दाबून मिळतो.

विंडोजमध्ये भाषा व कळफलक यांची निवड सामान्यतः त्या वापरकर्त्याच्या खात्यापुरती नोंदली जाते. एकाच संगणकावर दोन लिपिक आळीपाळीने काम करीत असतील, तर प्रत्येकास ती आपल्या खात्यात करावी लागते. टंकलेखन यंत्राची मांडणी देणारी पूरक आज्ञावली बसविण्यास बहुधा प्रशासकाचे अधिकार लागतात आणि प्रणालीचे मोठे अद्यतन झाल्यावर ती बंद पडू शकते. क्लासिक शेलचा मूळ विकास २०१७ मध्ये थांबला व पुढे ते काम ओपन-शेल या नावाने इतरांनी चालविले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक ठिकाणी ही सर्व जुळवाजुळव पुन्हा करावी लागली. अहिराणी वा लेवा बोलीत लिहिणाऱ्यांना आणखी एक खटपट करावी लागते : लेखन-आज्ञावलीचा मराठी शब्दकोश बोलीतील शब्दांखाली लाल रेघ ओढतो. अशा वेळी शुद्धलेखन-तपासणी बंद ठेवावी किंवा ते शब्द वापरकर्त्याच्या कोशात घालीत जावे.