कूटबद्ध फायली आणि कार्यप्रणालीची पुनःस्थापना : एक विवेचन

संगणकाची कार्यप्रणाली नव्याने बसविल्यानंतर जुन्या फायली डोळ्यांसमोर दिसतात, परंतु उघडत नाहीत. नाव, आकार, दिनांक सारे जसेच्या तसे असते. उत्तर मात्र 'अ‍ॅक्सेस डिनाइड' एवढेच मिळते. शोधप्रबंधाची अनेक वर्षांची सामग्री अशी अडकल्यास त्या नुकसानीची भरपाई होत नाही. प्रस्तुत लेखात विंडोजमधील 'एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टीम' अर्थात ईएफएस या सुविधेच्या संदर्भात या समस्येचा विचार केला आहे.

विंडोज २००० बरोबर आलेली ही सुविधा एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर चालते. फोल्डरच्या गुणधर्मांतील एका चौकटीत खूण केली की काम झाले. वेगळा पासवर्ड विचारला जात नाही. गैरसमजाचे मूळ नेमके येथेच आहे. वापरकर्त्यास वाटते की, लॉगिनचा पासवर्ड हीच किल्ली होय. वस्तुतः प्रत्येक फायलीसाठी संगणक एक स्वतंत्र किल्ली निर्माण करतो व तिने मजकूर कूटबद्ध करतो. ही किल्ली पुढे वापरकर्त्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून फायलीसोबतच ठेवली जाते. ती उघडते केवळ त्याच्या खासगी किल्लीने. आणि ही खासगी किल्ली असते त्याच्या प्रोफाइलमध्ये, लॉगिन पासवर्डच्या संरक्षणाखाली.

म्हणूनच 'अपग्रेड' आणि 'फॉरमॅट' यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. जुन्या प्रणालीवरच नवी आवृत्ती चढविली तर सामान्यतः प्रोफाइल, आणि त्यासह किल्ली, टिकून राहते. सी ड्राइव्ह पुसून नवी प्रणाली बसविल्यास ती नष्ट होते. डी ड्राइव्हवरील फायली मात्र कूटबद्ध अवस्थेत मागे उरतात. तेच नाव आणि तोच पासवर्ड देऊन नवे खाते उघडले तरी उपयोग होत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ती व्यक्ती वेगळी असते. फायलीची 'ओनरशिप' घ्यावी, असा सल्ला दुरुस्ती करणारे हमखास देतात. त्याने फायलीवरील परवानगी बदलते, मजकुराचे कूट सुटत नाही.

विंडोज २००० मध्ये स्वतंत्र संगणकावरील प्रशासकाचे खाते आपोआप 'रिकव्हरी एजंट' असे, म्हणजे त्याच्या किल्लीनेही फायली उघडत. एक्सपीमध्ये ही सोय आपोआप मिळणे बंद झाले. सुरक्षितता वाढली, पण विसराळू माणसाचा आधार गेला. एक्सपीमध्ये तर प्रशासकाने वापरकर्त्याचा पासवर्ड परस्पर बदलला तरी फायली बंद होतात. जुना पासवर्ड आठवत असेल आणि तो पुन्हा ठेवला, तरच त्या उघडू शकतात.

उपाय अर्थातच आधी करावयाचा असतो. 'सर्टएमजीआर' या साधनातून आपले प्रमाणपत्र खासगी किल्लीसह पीएफएक्स फायलीत निर्यात करून अन्यत्र ठेवावे, किंवा प्रणाली बदलण्यापूर्वी फायलींचे कूटबंधन काढून घ्यावे. हे राहून गेले असल्यास जुन्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. जुन्या प्रोफाइलचे फोल्डर शिल्लक असेल व त्या वेळचा पासवर्ड ठाऊक असेल, तर विशेष साधनांनी किल्ली मिळविण्याची शक्यता राहते. दोन्ही नसतील तर पैसे घेऊन आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहणेच बरे.

ईएफएसचा वापर महाविद्यालयांत आता विरळ झाला असला तरी प्रश्न मिटलेला नाही. विंडोज व्हिस्टापासून आलेले बिटलॉकर संपूर्ण ड्राइव्ह कूटबद्ध करते आणि अडचणीच्या प्रसंगी ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, नव्याने स्थापना करून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास, पात्र संगणकांवर हे कूटबंधन आपोआप सुरू होते व किल्ली त्या खात्यात जमा होते. विभागातील संगणक प्रथम ज्यांच्या खात्याने सुरू झाला, ते प्राध्यापक बदलून गेले वा निवृत्त झाले, तर ती किल्ली त्यांच्याच खात्यात राहते. तेव्हा विभागाच्या जडवस्तू नोंदवहीत संगणकाच्या क्रमांकाबरोबर त्याची किल्ली कोणाच्या खात्यात आहे, हीही नोंद असावयास हवी.