इटलीचे धैर्यनाथस्वामी

तंजावरहून कुंभकोणमला जाणारी गाडी वाटेत पापनाशम् स्टेशनात थांबते. मराठी प्रवासी इथं सहसा उतरत नाही. त्याला तंजावरचा सरस्वती महाल पाहून झालेला असतो आणि आता कुंभकोणमची देवळं खुणावत असतात. वास्तविक पापनाशमलाही एकशे आठ शिवलिंगांचं देऊळ आहे, नायक राजांच्या काळातलं भाताचं जंगी कोठार आहे. पण आज सांगायचंय ते इथून उत्तरेला, कोल्लिडम नदीच्या पलीकडे असलेल्या एलाकुरिची गावाबद्दल. तिथं एक इटालियन माणूस येऊन राहिला आणि बघता बघता तमिळ महाकवी झाला!

कॉन्स्टन्झो जुझेप्पे बेस्की हे त्याचं नाव. जन्म ८ नोव्हेंबर १६८०चा, उत्तर इटलीतल्या मांतुआजवळच्या कास्तिल्योने गावचा. अठराव्या वर्षी तो जेझुइट संघात दाखल झाला, १७१० साली जहाजानं गोव्यात उतरला आणि पुढच्या वर्षी तमिळ मुलखात पोचला. वय तीस. तिथून पुढं तो मायदेशी कधीच परतला नाही.

कॉन्स्टन्झो म्हणजे अढळ, न डगमगणारा. म्हणून तमिळ माणसांनी त्याला ‘धैर्यनाथस्वामी’ म्हणायला सुरुवात केली. नावात संस्कृत फार, असं वाटल्यावर त्याचं अस्सल तमिळ रूप झालं, ‘वीरमामुनिवर’. आजही तमिळनाडूत बेस्की म्हटलं तर चटकन ओळख पटणार नाही, पण वीरमामुनिवर शाळकरी पोरालाही ठाऊक असतात.

आता जरा आपल्याला टोचणारी गोष्ट. त्या काळी कोल्लिडमच्या दक्षिणेला राज्य होतं मराठ्यांचं. व्यंकोजीराजांचा मुलगा शहाजी १६८४ ते १७१२ तंजावरच्या गादीवर होता. शिवरायांचा हा पुतण्या स्वतः नाटकं लिहिणारा, पंडितांना आश्रय देणारा रसिक राजा. पण याच राजाच्या अमदानीत, १७०१ साली, तंजावरच्या ख्रिस्ती रयतेचा छळ झाल्याचं जेझुइटांनी लिहून ठेवलं आहे. माणसं घरदार सोडून नदीपलीकडे अरियलूरच्या पाळेगाराच्या हद्दीत आसरा शोधत. एलाकुरिची हे असं आसऱ्याचं ठिकाण. इथल्या चर्चमधल्या मेरीला आजही ‘अडैक्कल मादा’ म्हणतात, म्हणजे आश्रय देणारी आई. बेस्कींनी गावाचं नावच ‘तिरुक्कावलूर’, रक्षणाचं पवित्र गाव, असं करून टाकलं आणि त्यावर एक काव्यही रचलं.

अरियलूरच्या पाळेगाराला पाठीवर भयंकर गळू झालं, बेस्कींनी झाडपाल्यानं आणि मातीच्या लेपानं ते बरं केलं, त्यानं खूश होऊन चर्चला जमीन दिली, अशी आख्यायिका गावात सांगतात. त्यांच्याबद्दल अशा आख्यायिका पुष्कळ. तीन महिन्यांत फारसी शिकून ते चंदासाहेबाचे दिवाण झाले, ही त्यातलीच एक. अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, आम्हीही ठेवणार नाही. तिच्यावाचून काही अडत नाही, कारण खरं कर्तृत्वच थक्क करणारं आहे.

पाद्रीबाबांचं रोजचं काम म्हणजे प्रार्थना, बाप्तिस्मे, आजाऱ्यांची विचारपूस, गावोगावच्या धर्मशिक्षकांना वळण लावणं. त्या शिक्षकांनी कसं वागावं यावर त्यांनी ‘वेदियर ओळुक्कम’ हे साधंसुधं, नेटकं तमिळ पुस्तक लिहिलं. हे सगळं सांभाळून त्यांनी ‘तेम्बावणी’ रचली. ‘न कोमेजणारी माळ’ असा तिचा अर्थ लावतात. तीन कांडं, छत्तीस पडलं आणि तीन हजार सहाशेच्या वर कविता! त्याहून गंमत म्हणजे या महाकाव्याचा नायक येशू नाही, तर येशूला वाढवणारा सुतार जोसेफ आहे. कष्टकरी घरधनी, त्याची बायको, त्यांचं बाळ. संसार न केलेल्या संन्याशानं एका संसाराचं महाकाव्य लिहिलं. जोसेफच्या देशाचं वर्णन वाचलं तर डोळ्यांसमोर येते ती कावेरीकाठची भातशेतीच. आपल्याकडे फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं होतं. ते आणि हे, जातकुळी एकच.

भाषेवरचं त्यांचं दुसरं ऋण तर रोज हातावेगळं होतं. तमिळमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. ‘एडु’ आखूड म्हटलं तर ‘घे’, लांबवलं तर ‘पोथीचं पान’! जुन्या पद्धतीत हा फरक टिंब देऊन दाखवत. पण ताडपत्रावर लोखंडी लेखणीनं टिंब टोचलं की पान फाटायचं, म्हणून लेखनिक टिंब गाळायचे. वाचणाऱ्यानं मग संदर्भावरून ताडायचं. बेस्कींनी टिंबाचा नाद सोडून दीर्घ स्वरांना वेगळी वळणं दिली. तीच आजच्या तमिळ अंकलिपीत आहेत.

शिवाय ‘चतुरकरादि’ हा चार भागांचा शब्दकोश, ‘तिरुक्कुरळ’च्या पहिल्या दोन भागांचं लॅटिन भाषांतर, बोलीतल्या तमिळचं लॅटिन व्याकरण. हे व्याकरण छापलं कुणी? तरंगमबाडीच्या प्रोटेस्टंट मिशनच्या छापखान्यानं, १७३८ साली. याच मिशनवाल्यांशी बेस्कींचा कडाक्याचा वाद चालू होता! वाद आपल्या जागी, व्याकरण आपल्या जागी.

आणि मुलांना सांगायची असेल तर ‘परमार्थगुरूंची गोष्ट’ आहेच. गुरू भोळे, त्यांचे पाच चेले त्याहून भोळे. नदी झोपली आहे का हे पाहायला पेटतं कोलीत पाण्यात बुडवतात. चर्र आवाज आला की, ‘पळा, जागी आहे!’ पलीकडे गेल्यावर मोजदाद करताना प्रत्येक जण स्वतःला विसरतो आणि एक जण बुडाला म्हणून सगळे गळा काढतात. भोपळा म्हणजे घोड्याचं अंडं समजून विकतही घेतात. १८२२ साली या गोष्टी इंग्रजी भाषांतरासह लंडनमध्ये छापल्या गेल्या.

४ फेब्रुवारी १७४७ रोजी बेस्कींनी केरळातल्या अंबळक्काड इथं देह ठेवला. १९६८ साली मद्रासला जागतिक तमिळ परिषद भरली, तेव्हा मरीना किनाऱ्यावर तमिळच्या थोर सेवकांचे पुतळे उभारले गेले. त्यांत वीरमामुनिवरही आहेत.