छाती उचलण्याच्या ऑपरेशनची जाहिरात मोबाईलवर दिसली? बुकिंगचे पैसे भरण्याआधी हे वाचा

बाळंतपणानंतर वजन कसं कमी करायचं याचा एखादा व्हिडिओ पाहिला, की पुढचे आठ-दहा दिवस मोबाईलवर तसल्याच जाहिराती येत राहतात. 'छाती पूर्ववत करा', 'त्याच दिवशी घरी', 'सोप्या हप्त्यांत'. गावात या विषयावर कुणी मोठ्यानं बोलत नाही. सासूला विचारायची सोय नाही, आशाताईला विचारायचं तर संकोच वाटतो. मग माहिती मिळते ती जाहिरात करणाऱ्याकडूनच, आणि तो त्याच्या सोयीची तेवढीच सांगतो.

या ऑपरेशनला ब्रेस्ट लिफ्ट म्हणतात, डॉक्टरी भाषेत मॅस्टोपेक्सी. छाती ओघळणं हा आजार नाही, हे आधी लक्षात घ्यावं. ऑपरेशन केलं नाही म्हणून तब्येतीला काही धोका होत नाही. ज्या बाईला स्वतःला ते हवं आहे, तिनं करावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नवऱ्यानं टोमणे मारले म्हणून कुणी टेबलावर झोपू नये. सज्ञान बाईच्या ऑपरेशनला संमती तिची स्वतःची लागते.

छाती ओघळते कशामुळं? स्तनात चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे बारीक तंतू असतात. त्याला वर ओढून धरणारा स्नायू त्यात नसतो. वय वाढलं, वजन वर-खाली झालं, बाळंतपणं झाली, की तंतू आणि कातडी सैल पडते. गावाकडं सगळा दोष अंगावर पाजण्याला देतात. तो चुकीचा आहे. स्तन मोठे होऊन कातडी ताणली जाते ती गरोदरपणातच, मग मूल अंगावर पाजा की वरचं दूध द्या. छाती बिघडेल म्हणून बाळाचं दूध तोडणाऱ्या सुना आहेत, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

तेल, मलम, मालिश, ओढून धरणारी मशीन, यातल्या कशानंही सैल कातडी कमी होत नाही. व्यायामानं खालचा स्नायू घट्ट होतो, एवढंच.

ऑपरेशनमध्ये जादा कातडी कापून काढतात, आतल्या भागाला आकार देतात आणि बोंड वरच्या जागी आणतात. प्लास्टिक सर्जरी म्हणजे आत प्लास्टिक बसवतात असं अनेकांना वाटतं. तसं नाही, तो शब्द 'घडवणं' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. लिफ्टमध्ये आकार बदलतो, स्तन फारसा मोठा होत नाही. मोठा करायचा तर सिलिकॉनचं रोपण वेगळं, त्याचा खर्च आणि धोकेही वेगळे. उलट छातीच्या वजनानं पाठ-खांदे दुखत असतील, खाली घामानं चट्टे उठत असतील, तर आकार कमी करण्याचं ऑपरेशन असतं. डॉक्टरांना नेमका त्रास सांगावा.

जाहिरातीतल्या फोटोत वण दिसत नाहीत. पण वण राहतातच. थोडं ओघळलं असेल तर बोंडाभोवतीच्या गोल काळ्या भागाच्या कडेनं छेद घेतात. जास्त असेल तर तिथून सरळ खाली, आणि त्याहून जास्त असेल तर स्तनाखालच्या घडीतही आडवा. वर्षभरात वण फिके होतात, पुसले जात नाहीत. लस टोचलेल्या किंवा कान टोचलेल्या जागी ज्यांचा वण फुगून गाठीसारखा झाला आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच दाखवावं. बोंडाची संवेदना कमी होऊ शकते, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत, रक्त साकळणं किंवा पू होणं घडू शकतं. क्वचित बोंडाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग काळा पडतो.

आणि इथं मिश्रीचा विषय येतो. बिडी-सिगारेट ओढता का, असं डॉक्टर विचारतात. बाई नाही म्हणते, आणि ते खरंही असतं. पण रोज सकाळी मिश्री लावते हे सांगायचं राहून जातं, कारण तिच्या लेखी ते व्यसनच नाही. मिश्रीत तंबाखूच असतो. त्यातल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही जखम पूर्ण भरेपर्यंत मिश्री, तपकीर, तंबाखू सगळं बंद करावं लागतं. रक्तही तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त महिलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवायचं. साखर, बीपी, चालू गोळ्या, झाडपाल्याची औषधं, काही लपवू नये.

अजून मूल हवं असेल तर थांबा. पुढच्या गरोदरपणात छाती पुन्हा ओघळू शकते, आणि ऑपरेशननंतर अंगावर पाजताना दूध कमी पडू शकतं. मूल अंगावरून तोडल्यावरही किमान तीन-चार महिने जाऊ द्यावेत, काही डॉक्टर सहा सांगतात.

घरी लवकर सोडतात हे खरं आहे. पण घरी आल्यावर काय? साधारण चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. म्हणजे हंडा नाही, गवताचा भारा नाही, कडेवर पोर नाही. कापूस वेचणीच्या किंवा ऊसतोडीच्या तोंडावर हे ऑपरेशन करून चालणार नाही. घरात दुसरं कोण राबणार हे आधी ठरवा. सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात.

पैशाचं गणित नीट मांडा. आजार नसल्यानं हे ऑपरेशन जनआरोग्य योजनेत बसत नाही, आरोग्य विमाही देत नाही. कॉस्मेटिक ऑपरेशनवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यामुळं सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, औषधं, ब्रा आणि जीएसटी धरून एकूण आकडा कागदावर मागा. काही बिघडलं तर पुन्हा ऑपरेशनचा खर्च कोणाचा, हेही विचारा. हप्त्याचा फॉर्म समोर आला तर व्याज वाचल्याशिवाय सही करू नका.

ऑपरेशन कोण करणार? एमबीबीएस, त्यानंतर एमएस आणि मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, असं शिक्षण असलेला सर्जन पाहिजे. 'कॉस्मेटॉलॉजी'चं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं चालत नाही, ब्युटी पार्लर तर नाहीच. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर टाकून पाहा. पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून भूलतज्ज्ञ कोण हेही विचारा. दुसरं मत हवं असेल तर पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम किंवा जेजे, नागपूरचं मेडिकल इथं प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, केस पेपर काढून दाखवता येतं.

सगळ्यात आधी मात्र गाठ तपासा. एकच बाजू अचानक बदलली, न दुखणारी गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्तासारखं पाणी आलं किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर ते ओघळणं समजू नका. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय लगेच गाठा. कॅन्सर निघालाच तर त्याचे उपचार जनआरोग्य योजनेत होतात. चाळिशीपुढच्या बाईनं लिफ्टआधी मॅमोग्राफी करून घ्यावी.

ऑपरेशन झालंच, तर सुटी होताना डिस्चार्ज कार्ड, पक्कं बिल आणि रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्याचा नंबर घेऊनच निघा. ताप आला, एक बाजू अचानक फुगून दुखायला लागली, बोंड काळंनिळं दिसलं, पोटरी सुजली किंवा दम लागला, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.